पात्यावरचा रंग

नुकसान ज्या दिवशी झालं त्या दिवशी मला ते कळलं नाही. कळलं अकरा दिवसांनी, महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहाला, घड्याळजींच्या दुकानावरच्या खोलीत. मधले अकरा दिवस मी स्वतःवर खूश होतो.

खोलीत तीस-पस्तीस माणसं होती. तीन टेबलं जोडून त्यांवर हिरवं कापड अंथरलं होतं आणि कापडावर चाकू मांडले होते. घडीचे, खिशात मावणारे, जुन्या घडणीचे. सगळ्यात पुढे एक जागा मोकळी ठेवली होती. ती माझ्या बायकोच्या चाकूची. तिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. घड्याळजी घड्याळं दुरुस्त करतात आणि ही चाकूवाल्यांची मंडळीही तेच चालवतात. त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं, "या वेळी वहिनींचा चाकू टेबलावर पहिला ठेवायचाय. तुम्ही घेऊन या. नाही म्हणू नका."

मी तो मऊ फडक्यात गुंडाळून नेला होता. फडकं सोडलं, खाचेत नख घालून पातं उघडलं आणि कापडावर ठेवलं. खिडकीतला उजेड पात्यावर पडला आणि तिथून समोरच्या भिंतीवर गेला. मी मनातल्या मनात म्हटलं, बघा आता.



एक दाताच्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या, वाकून बघू लागल्या. "हा काकूंचाच का?"

"तिचाच."

"मूठ त्यांचीच आहे," त्या म्हणाल्या आणि घड्याळजींकडे बघत राहिल्या.

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "भाऊ, हे कुणाकडून करून घेतलंत?"

"कुणाकडून कशाला? मीच केलं. अडतीस वर्षं दुसरं काय केलंय?"

ते खुर्चीत बसले. "पुसलात," ते म्हणाले. "सगळा पुसलात हो."

मी पुन्हा पात्याकडे पाहिलं. पण काय पुसलं ते मला अजूनही कळलेलं नव्हतं.

मी पॉलिशवाला. एका कारखान्यात दवाखान्याची अवजारं पॉलिश करायचो. कात्र्या, चिमटे, टाके घालायच्या पकडी. आमच्याकडे नियम एकच होता, डाग म्हणजे माल परत. टिकलीएवढा डाग दिसला तरी तपासनीस खडूने फुली मारायचा आणि अख्खा ट्रे माझ्याकडे परत यायचा. पहिल्या वर्षी माझे पुष्कळ ट्रे परत आले. शेवटच्या वीस वर्षांत एकही नाही. अशा माणसाच्या हाताला वळण लागतं ते लागतंच. कुणाकडे जेवायला गेलो तरी मी आधी चमचा उजेडात धरून बघायचो आणि ही टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायची.

तिचा चाकू मूळचा तिच्या वडिलांचा. ते सुतार होते. तिला पार्सल ऑफिसात नोकरी लागली तेव्हा त्यांनी सुतळी कापायला म्हणून तो तिच्या हातात ठेवला. एकच पातं, साडेतीन इंचांचं, साध्या पोलादाचं. स्टेनलेस नव्हे. शिंगाची मूठ, तिला तीन पितळी खिळे. पाठीला पोलादाची एक पट्टी, ती पातं उघडलं की उघडं धरून ठेवते आणि मिटलं की मिटलेलं. बटण नाही, खटका नाही. नोकरीभर तिनं त्यानं सुतळ्या कापल्या, पेन्सिलींना टोकं केली, आणि निवृत्त झाल्यावर तो घरात फळं कापायला आला.

साधं पोलाद काळवंडतं. फळाचा रस लागला की लगेच डाग धरतं. तो काळा-निळा चाकू माझ्या डोळ्यांत खुपायचा. वर्षातून एकदा तरी मी म्हणायचो, "दे इकडे, दोन तासांत आरसा करून देतो." ती म्हणायची, "हात तर लावून बघा." मला वाटायचं, नवरा-बायकोत चार लटकी भांडणं असतात त्यातलंच हे एक. तिनं कारण कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर आमच्या मुलीनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बाबा, आईच्या वस्तूंतलं मला काही नको. फक्त तिचा चाकू मला ठेवा. मी येऊन नेईन." मुलगी दूर असते. मुलीला द्यायची वस्तू, तीही तिच्या आईची, काळीकुट्ट कशी द्यायची? माझ्या घरातून वस्तू जाणार आणि डाग घेऊन जाणार?

म्हणून मी एका बुधवारी मागच्या खोलीत माझी पॉलिशची मोटर सुरू केली. तिच्या एका बाजूला कडक चाक आहे, एका बाजूला मऊ. बारीक पात्याचं काम नाजूक असतं. ते तापू द्यायचं नाही, तापलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. दर दोन घासण्यांनी पाण्यात बुडवायचं, पुसायचं, पुन्हा धरायचं. दोन तास लागले. काम झालं तेव्हा पात्यात मला माझ्या भुवईचे केस मोजता आले असते. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला वाटलं की मी तिच्यासाठी काहीतरी केलं.

हे सगळं मी त्या खोलीत उभ्या उभ्या सांगितलं. कुणी रागावलं नाही. कुणीतरी खुर्ची दिली, कुणी चहाचा कप पुढे केला. घड्याळजी माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी स्वतःचा चाकू खिशातून काढून माझ्या तळहातावर ठेवला. मिटलेला. तिथे चाकू हातात देताना मिटूनच देतात, हे मी तेव्हा पाहिलं.

"उघडा," ते म्हणाले.

पात्यावर ढगांसारखे करडे पट्टे होते आणि मधेच जांभळट छटा.

"गंज वेगळा, हे वेगळं," घड्याळजी म्हणाले. "गंज पोलाद खातो. हा रंग पोलादावर बसतो आणि गंजाला आत शिरू देत नाही. कांद्याचा वेगळा येतो, लिंबाचा वेगळा, सफरचंदाचा निळा. दुकानात मिळत नाही. वापरलं तरच येतो, आणि जो वापरतो त्याच्या हातासारखा येतो. हा माझा नऊ वर्षांचा आहे. इथली निम्मी माणसं रंग कधी चढतोय याची वाट बघत बसलेली असतात."

"माझा बघा ना," मागून एक तरुण माणूस म्हणाला. तो बस चालवतो. "दीड वर्ष झालं, नुसता शेवाळलेल्या पायरीसारखा दिसतोय."

"तू चाकूनं नुसतं वेफर्सचं पाकीट फोडतोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाकिटाचा कसला रंग येणार?"

"आणि हिचा?" मी विचारलं.

घड्याळजींनी फोन काढला. त्यांचा एक ग्रुप आहे. आज खिशात कोणता चाकू आहे त्याचा फोटो जो तो रोज सकाळी त्यावर टाकतो. कुणाकडे चाळीस चाकू, कुणाकडे शंभर, रोज वेगळा. हिच्याकडे एकच. ती रोज तोच टाकायची.

"सुरुवातीला सगळे चिडवायचे," ड्रायव्हर म्हणाला. "काकू, काल हाच होता की! तर काकूंनी लिहिलं, नवराही कालचाच आहे."

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मला फोनकडे बघवेना. पण बघितलं. सहा वर्षांचे फोटो, दोन हजारांच्या वर. प्रत्येकात बशी, बशीत सफरचंदाच्या फोडी, शेजारी उघडा चाकू. मुठीजवळ पातं तपकिरी होतं, पोटाकडे निळं, आणि पाठीच्या कडेनं पिवळसर, पितळेसारखी एक बारीक रेघ. कोपऱ्यात बहुतेक ठिकाणी माझा पेपर, कुठे माझं कोपर, कुठे फोड उचलणारी माझी दोन बोटं. मी तो रंग तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. सहा वर्षं तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि मी फोडी खात पेपर वाचत होतो.

पहिल्या रविवारी ती इथे यायची तेव्हा मी म्हणायचो, "निघाली चाकूवाल्यांची टोळी." तिनं दोन-तीनदा "चला" म्हटलं होतं. मी गेलो नाही.

"मुलगी पाच आठवड्यांनी येतेय," मी म्हटलं. "हा न्यायला."

घड्याळजींनी फोन खिशात ठेवला. मग ड्रायव्हर खुर्ची ओढत जवळ आला. "काका, एक उपाय आहे. मी सांगितलं म्हणून सांगू नका. कोमट व्हिनेगरमध्ये पातं अर्धा तास बुडवून ठेवा. काळं होतं."

"लाज नाही वाटत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही खोटे दात बसवता तेव्हा तुम्हाला वाटते का?"

"मी खोटे म्हणून बसवते. खरे म्हणून नाही."

"अहो, इथे माणसाच्या तोंडचं पाणी पळालंय आणि तुम्ही..."

"भांडू नका," घड्याळजी म्हणाले. "भाऊंचं भाऊ ठरवतील."

मी घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी व्हिनेगरची बाटली आणली. खोटं कशाला बोलू? अवजारांच्या खणात साध्या पोलादाचं एक मोडकं पातं पडलं होतं. ते आधी चकचकीत केलं, मग बुडवलं. अर्ध्या तासानं काढलं तर खरोखरच करडं झालं होतं. वाईट दिसत नव्हतं. पण टोकापासून बुडापर्यंत सारखं होतं, एका दिवसात रंगवलेल्या भिंतीसारखं. मग मी हुशारी केली. कापसाच्या बोळ्यानं मुठीकडे जास्त लावलं, पोटाकडे कांद्याची चकती घासली, कडेला मोहरी वाटून लावली. घड्याळजींकडून हिचे दहा फोटो मागवून घेतले होते, ते समोर ठेवले. चार दिवस हाच उद्योग. हात माझा तयार आहे, चौथ्या दिवशी पातं बऱ्यापैकी तसं दिसू लागलं. अनोळखी माणूस फसला असता.

पण माझी मुलगी पूल तपासते. लोखंडी पुलांखाली लोंबकळत टॉर्च मारून, कोणता डाग कालचा, कोणता दहा वर्षांचा आणि कोणता कंत्राटदारानं वरून रंग फासून झाकलेला, हे ओळखणं हाच तिचा धंदा आहे. तिनं तो चाकू लहानपणापासून आईच्या हातात पाहिलाय. मी प्रामाणिक म्हणून थांबलो नाही. पकडला जाईन म्हणून थांबलो. थांबल्यावर मात्र बरं वाटलं, एवढं खरं.

मग राहिला एकच मार्ग. मी सफरचंदं आणली.

मी सत्तरीला आलो होतो आणि आयुष्यात एक फळ कापलं नव्हतं. हसू नका. धातूच्या कामात माझा हात इकडचा तिकडे होत नाही, पण सफरचंद हातातून निसटलं आणि थेट मोरीपर्यंत गेलं. दुसऱ्याचे मी चौकोनी ठोकळे केले. तिसऱ्याला अंगठा कापला. ताज्या पॉलिशच्या पात्याची धार कशी असते ते मला सांगायला नको होतं, तरी कापला. पट्टी बांधली आणि फोडींचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. घड्याळजींनी मला त्यात घेतलं होतं.

दहा मिनिटांत उत्तरं आली. "काका, सफरचंदाचा काय गुन्हा होता?" हे ड्रायव्हरचं. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, "अंगठा पात्यासमोर नको, पात्यामागे." कुणीतरी एका हाताचं चित्र काढून पाठवलं, त्यात बाण काढून बोटांच्या जागा दाखवल्या होत्या. मग रोज असंच होऊ लागलं. मी फोटो टाकायचो, ते चिडवायचे आणि चिडवता चिडवता एखादी गोष्ट शिकवायचे. कापून झाल्यावर पातं लगेच धुवायचं नाही, जरा वेळ रस राहू द्यायचा. मग मात्र कोरडं पुसायचं आणि सांध्यात तेलाचा एकच थेंब. दोन टाकले तर धूळ बसते.

पाचव्या दिवशी मुठीजवळ नखाएवढा निळा डाग दिसला. माझा उजवा हात आपोआप फडक्याकडे गेला. मी तो डाव्या हातानं धरला.

पुढच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा गेलो. या वेळी कुणी बोलावलं नव्हतं. आणि तेव्हा ते टेबल मी खरं पाहिलं. आधीच्या वेळी मला माझ्या आरशाशिवाय काही दिसलंच नव्हतं.

काय एकेक चाकू होते! एक बोटाच्या पेराएवढा, शिंपल्याच्या मुठीचा, तो एका शिंपीणबाईंच्या गळ्यात साखळीला होता आणि त्या त्यानं टाके उसवायच्या. एक दोन पात्यांचा, कुण्या खलाशाचा, त्याच्या मुठीला वळलेल्या दोरीची नक्षी कोरलेली. एकाचं पातं सत्तर वर्षं दगडावर घासून घासून काडीएवढं उरलं होतं, आणि त्याचा मालक, अठ्ठावीस वर्षांचा शाळामास्तर, तोच सगळ्यांत अभिमानानं दाखवत होता. मी अडतीस वर्षं पोलादात काढली, पण सांधा इतका घट्ट की पातं आणि पाठीची पट्टी यांच्यात केसही जाणार नाही असं काम फार थोड्यांदा पाहिलं होतं. आणि हे सगळं हातानं केलेलं.

ड्रायव्हरनं मला डोळे मिटायला लावले आणि कानाशी एकेक चाकू मिटला. "ओळखा, काका. कोणता चांगला?" पहिला नुसता टक् झाला. दुसरा आधी जरा अडला आणि मग ठाम आवाजात बसला, चांगल्या कपाटाचं दार बसतं तसा. "दुसरा," मी म्हटलं.

"बघा!" तो सगळ्यांना म्हणाला. "काकांना कान आहे. मला ओळखायला वर्ष लागलं."

"तुला कशाला हवेत रे हे?" मी त्याला विचारलं. "नोकरीत तर तुला लागत नाही."

त्यानं जरा विचार केला. "माझ्या घरातली प्रत्येक वस्तू मोडली की फेकायची असते. ही एकच अशी आहे की मोडली तर दुरुस्त करायची. माझ्यानंतर कुणीतरी वापरेल. बायको म्हणते, दाराच्या बिजागरीला तेल घाल म्हणून महिनाभर कानीकपाळी ओरडतेय, तर बिजागरी कुरकुरतेय आणि ह्या चाकूला रोज तेल!"

"मग घाल की बिजागरीला."

"घातलं काका. कालच. तिनं चाकू लपवून ठेवला होता."

घड्याळजींनी सांगितलं, सहा वर्षांपूर्वी ते चौघे होते, हिला धरून पाच. आता यादीत दोनशेच्या वर नावं आहेत आणि खोलीत मावत नाहीत म्हणून पाळीपाळीनं येतात. निम्मी तिशीच्या आतली. एक म्हातारा कारागीर भट्टी विझवून मुलाकडे राहायला गेला होता. त्याला या लोकांनी पत्रं लिहून लिहून परत बसवलं, आणि आता तो नव्या गिऱ्हाइकाला दीड वर्ष थांबायला सांगतो. लोक थांबतात. कुणी तक्रार करत नाही. दीड वर्ष थांबून मिळालेला चाकू ते खिशात घालून भाजी आणायला जातात, कपाटात ठेवून देत नाहीत. मला हे फार आवडलं. मी केलेल्या कात्र्याही कपाटासाठी नव्हत्या.

हिचा चाकू त्यांनी याही वेळी पुढेच ठेवला. मी म्हटलं, "आता त्यात बघण्यासारखं काय राहिलंय?" घड्याळजींनी भिंग लावून तो नखाएवढा डाग पाहिला, मग भिंग डॉक्टरीणबाईंना दिलं, त्यांनी पुढच्याला. असं ते भिंग सगळ्या खोलीत फिरलं.

मुलगी शनिवारी दुपारी आली. बॅग ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "कुठाय?"

"आधी चहा घे."

"बाबा."

मी चाकू मिटलेला तिच्यासमोर ठेवला. तिनं तो उघडला. खिडकीपाशी नेला, तिरका धरला, उलटा केला.

"कधी केलंत?"

"दीड महिना झाला."

"मोटरवर?"

"हो."

"किती वेळ लागला?"

"दोन तास."

"दोन तास," ती म्हणाली. "आणि दोन तासांत एकदाही वाटलं नाही की थांबावं?"

"नाही," मी म्हटलं. "मला छान वाटत होतं."

तिनं चाकू टेबलावर ठेवला. "आणखी काय काय पुसलंत? तिची पिशवी धुतलीत?"

"नाही."

"चष्मा?"

मी चहाचं भांडं उचललं.

"बाबा, चष्मा?"

"चष्मा पुसला," मी म्हटलं. "काचेवर बोटांचे ठसे होते."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी चहा केला. तो गार झाला. दाराशी जाऊन हाक मारावी असं दोनदा वाटलं आणि दोनदा परत आलो. काय सांगणार होतो? चूक माझी होती आणि ती सुधारता येण्यासारखी नव्हती. मुलगी आईला भेटायला आली होती आणि मी तिच्यासमोर आरसा धरला होता.

चार वाजले. त्या वेळी मी सफरचंद कापतो, म्हणून कापायला बसलो. दुसरं काही सुचतही नव्हतं. अर्धं झालं असेल तेव्हा दार उघडलं. ती समोर येऊन बसली. डोळे लाल होते.

"अंगठा कुठे ठेवताय! पुन्हा कापेल."

"पुन्हा?"

"कापल्याचा व्रण दिसतोय. अंगठा मागे घ्या. हं, असा."

मी बशी पुढे केली. तिनं एक फोड उचलली. "केवढी जाड!"

"आधी याहून जाड व्हायची."

तिनं फोड खाल्ली. मग माझ्या हातातून चाकू घेतला, रस तसाच ठेवून पुन्हा उजेडात धरला. मुठीजवळ आता अंगठ्याएवढा भाग निळा झाला होता आणि त्याच्या कडेला जरा तपकिरी. ती बराच वेळ बघत होती. माझ्या कारखान्यातला तपासनीस बघायचा तशी.

"व्हिनेगर?"

"नाही. सफरचंदाचा आहे. एका दिवशी लिंबू होतं."

"लावलं असतंत तर मला कळलं असतं."

"म्हणूनच नाही लावलं. करून मात्र बघितलं. दुसऱ्या पात्यावर."

"दाखवा."

मी ते मोडकं पातं आणून दिलं. तिनं एकदा पाहिलं आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली. "चांगलं जमलंय हो. आमच्या कंत्राटदाराला तुमच्याकडे शिकवणीला पाठवते."

त्या संध्याकाळी मी तिला ग्रुपवरचे आईचे फोटो दाखवले. तिनं सगळे पाहिले. माझं कोपर दिसलं की थांबायची आणि पुढे जायची. "नवराही कालचाच आहे" हे तिनं मोठ्यानं वाचलं आणि फोन पालथा ठेवून जरा वेळ बसली.

दुसऱ्या दिवशी निघताना मी चाकू फडक्यात गुंडाळून तिच्या बॅगेवर ठेवला. तिनं तो उचलून माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकला.

"मी नेत नाही."

"रागावून?"

"थोडी रागावून. खोटं कशाला बोलू? मला आईचा चाकू न्यायचा होता. हा आता फक्त चाकू आहे." मग तिनं बॅगेची चेन लावली. "पण आईच्या हातात आला तेव्हाही तो तिचा नव्हता. आजोबांचा होता. तुम्ही वापरा. पूर्ण रंग चढला की कळवा, मी येऊन नेईन. आणि ग्रुपवर टाकता तो फोटो मलाही पाठवत जा. रोज."

"रोज काय तेच तेच बघणार?"

"रोज," ती म्हणाली.

मुलगी परत गेली त्याला सात महिने झाले. मी रोज पाठवतो. ती रोज उत्तर देतेच असं नाही. देते तेव्हा बहुतेक फोडींच्या जाडीबद्दल असतं. पहिल्या रविवारी मी टेबल मांडायला लवकर जातो आणि नव्या माणसांना चाकू मिटून द्यायला सांगतो. कुणी पॉलिश करून मागितलं तर आधी त्याला खुर्चीत बसवतो आणि कुणाचा चाकू आहे ते विचारतो. आतापर्यंत पाच जणांना तसंच परत पाठवलंय.

मुठीपासून दोन इंच पातं आता निळं-तपकिरी झालं आहे. बायकोच्या हातचं होतं तसं नाही, माझ्या हाताला जसं येतं तसं. टोक लागतं ते फोडींतल्या बिया काढायला, आणि ते मला अजून जमत नाही. मी बिया तशाच ठेवतो. टोकाकडचा दीड इंच अजून पांढरा आहे.